पीटीचा तास आणि कच्चा लिंबू

काल तिसरीतल्या लेकीनं दप्तर टाकत विचारलं, "आई, कच्चा लिंबू म्हणजे काय गं?" लाटणं हातातच राहिलं. शनिवारची सकाळची शाळा, पांढरा युनिफॉर्म, खडू फासलेले कॅनव्हासचे बूट, सगळं डोळ्यांपुढे आलं. सर दोन कप्तान उभे करून भिडू निवडायला सांगायचे. शेवटी मी एकटीच उरायचे. मग "हिला तुम्ही घ्या", "नको, तुम्हीच घ्या." सर हसायचे. मुलींचं बोलणं मी विसरले, ते हसू नाही. तुम्हीही लिहा.

चाफा : खो-खोत बसणाऱ्या आठ, धावणारी नववी, मी दहावी. अख्खी चौथी सगळ्यांच्या चपला राखत काढली. घरी सांगितलंच नाही कधी.

जास्वंद : चाफा, चपला?? बाई गं. जवळ ये, मिठी.

रानवारा : मी दुसऱ्या बाजूचा. सोलापूर, 1993. किल्लारीच्या भूकंपाला महिनाही झाला नव्हता. वर्गातला एक जाड मुलगा लंगडी घालताना पडला की आम्ही "भूकंप, भूकंप" ओरडायचो. सुरुवात माझी. दिवाळीनंतर पीटी आली की त्याचं पोट दुखायचं. त्याला शोधतोय, अजून सापडला नाही.

गोधडी : ओला खडू ना? वाळला की बूट पांढरेशुभ्र, आणि पाऊस आला की सगळं मोज्यांवर 😀

अबोली : आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणायचे. वाड्यात धाकट्या भावंडाला घ्यायचो, ते कधी बाद व्हायचं नाही. लाडाचा शब्द होता हो. शाळेत त्याचं असं का केलं? कुकर झाला, येते.

पाटीपेन्सिल : जि.प. शाळेत शिकवते. भिडू निवडणं मुलांकडे देतच नाही. रांगेत एक-दोन, एक-दोन मोजून गट पाडते, पुढच्या तासाला मोजणी उलट्या टोकाकडून. धागाकर्ती, लेकीच्या शाळेत बाईंशी बोलाच. ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे.

गोधडी : लेक काय म्हणाली पुढे?

धागाकर्ती : सोमवारी शाळेत जातेय. रात्री कुशीत शिरल्यावर म्हणाली, कच्चा लिंबू ती नाही, तिच्या बाकावरची मुलगी आहे. उद्या तिला घरी खेळायला बोलावलंय.