गायतोंडे ब्रश वापरायचेच नाहीत का? टेक्निकबद्दल प्रश्न

रविवारचा_रंगारी
नमस्कार मंडळी, मी हौशी माणूस, सुट्टीच्या दिवशी ऑइल पेंटिंग करतो. मध्यंतरी दिल्लीत एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं काम पहिल्यांदा समोरून बघितलं. फोटोत जे नुसतं सपाट पिवळं-तपकिरी दिसतं ते प्रत्यक्षात अजिबात सपाट नाहीये, रंगाच्या मागून कुठूनतरी उजेड येतोय असं वाटत राहतं, आणि जवळ जाऊन बघितलं तरी ब्रशचा फटकारा काही सापडेना (फार जवळ गेलो म्हणून गार्डने हटकलं ते वेगळंच). हे केलंय कसं? घरी करून बघायचं तर सुरुवात कुठून करू? आणि ते पहिल्यापासून असंच काम करायचे का? जाणकारांनी सांगा प्लीज.

शाईवाली
मी प्रिंटमेकिंगवाली (शाई लावून ठसे उमटवायचे), त्यामुळे त्यांच्या कामात मला आधी आमचा रोलर दिसतो 😀

ब्रशला दिशा असते, हात कुठून कुठे गेला ते कळतं. रोलरने रंग लावला की ती खूणच राहत नाही. गायतोंडे साधारण पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून रोलर आणि पॅलेट नाइफवर (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) आले. पातळ रंगाचा थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग नाइफने वरचा थर काही ठिकाणी खरवडून काढायचा म्हणजे खालचा रंग वर डोकावतो. म्हणजे लावण्याइतकंच काढणंही आलं, आणि माझ्या मते खरा गायतोंडे त्या काढण्यातच आहे. उजेडाचं म्हणाल तर त्यात जादू काही नाही, थर पातळ आणि पारदर्शक असले की प्रकाश आत शिरतो, खालच्या फिकट थरावर आपटून परत येतो. जाड रंग थापला की संपलं, सगळं वरच्यावरच अडतं.

आणि सत्तरच्या दशकातल्या कामांत ते लिपीसारखे, कुठल्यातरी जुन्या शिलालेखातल्यासारखे आकार दिसतात ना, ते बरेचसे कागदाने आलेत. वर्तमानपत्राचे नाहीतर मासिकाचे तुकडे फाडायचे, त्यांना रंग लावून कॅनव्हासवर ठेवायचे, वरून दाब द्यायचा आणि उचलायचे. कागद सोडून जातो तेवढाच आकार. आमच्याकडे मोनोप्रिंट (एकाच प्रतीचा ठसा) करताना जवळपास हेच करतात. त्यात नेमकं काय उमटेल ते पूर्ण आपल्या हातात नसतं, पण कुठला तुकडा कुठे ठेवायचा आणि कधी थांबायचं हे मात्र पूर्ण आपल्या हातात असतं, म्हणून 'आपोआप झालंय' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गिरगाव_बाय_नाइट
वरचा प्रतिसाद मस्त. पहिल्यापासून असं काम करायचे का, तर नाही हो. जन्म नागपूरचा, १९२४, घराणं गोव्याचं, वाढले आमच्या गिरगावात. १९४८ ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा. सुरुवातीच्या कामात चक्क माणसं आहेत, लघुचित्रांसारखी ठसठशीत रेषा आणि सपाट रंग, मग युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले डोक्यात शिरला. १९५० मध्ये मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये बोलावलं गेलं पण तोवर ग्रुपमधला सूझा लंडनला गेलेला, रझाही पॅरिसच्या वाटेवर, म्हणजे मांडव निघायच्या वेळी हे जेवायला आले. वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ होता, तिथेच अल्काझींचं नाटक, रविशंकरांचं संगीत, हुसेन, सगळी जत्रा, आणि त्या गोंगाटात हा माणूस एकटाच झेन बौद्ध विचार वाचत बसणारा. १९५७ ला टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात बक्षीस, १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, १९७१ ला पद्मश्री. मग सत्तरच्या सुरुवातीला मुंबई सोडून दिल्लीत निजामुद्दीनला. १९८४ ला अपघात झाला, त्यानंतर बराच काळ मोठा कॅनव्हास बंद, त्या वर्षांतली कागदावरची शाईची छोटी ड्रॉइंग्ज आहेत ती जरूर बघा, लोक त्यांच्याकडे बघतच नाहीत. २००१ मध्ये गेले, आणि न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं ते २०१४ मध्ये. काय बोलायचं.

तिरकस
एवढं सगळं ठीक आहे पण २०१३ ला मुंबईच्या लिलावात एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं तेव्हा त्यात रोलर किती आणि बाजार किती? आमच्या पेंटरकडे पण रोलर आहे. उगाच गूढ-बिढ करून ठेवलंय.

गिरगाव_बाय_नाइट
@तिरकस तुमच्या पेंटरला फक्त खरवडायला लावा एकदा 😂 बाकी बाजाराचं खरंय, पण तो आकडा त्यांच्या पश्चात बारा वर्षांनी आलेला आहे. हयातीत वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बरेचदा चित्राला नावसुद्धा द्यायचे नाहीत. पैशाकडे डोळा असलेला माणूस असं वागत नाही.

तिरकस
हे मान्य. गूढवाला मुद्दा सोडत नाही मात्र.

रविवारचा_रंगारी
वा, भरपूर मिळालं, धन्यवाद सगळ्यांना. शाईवाली ताई, एक शंका, पातळ करायला नुसतं टर्पेंटाइन घालू की जवसाचं तेल पण? आणि दोन थरांच्या मध्ये किती थांबायचं?

शाईवाली
खालच्या थरांना टर्पेंटाइन जास्त, वर जाल तसं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर खालचा तेलकट थर मागून वाळत राहतो आणि वरचा तडकतो. थांबण्याचं म्हणाल तर बोट लावून चिकटत नाही तोवर हात लावू नका, पावसाळ्यात तर अजिबात घाई नको. आणि एकदम कॅनव्हासवर जाऊ नका, हार्डबोर्डला प्रायमर मारून त्यावर करा, खरवडताना दाब सहन करतो. गुळगुळीत कागद रंग नीट सोडतो, वर्तमानपत्र शोषून घेतं, दोन्ही करून बघा, फरक लगेच दिसेल. खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइनने डोकं चढतं.

हे जमलं की चित्रकार प्रभाकर बरवे बघा, त्यांनी कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरलाय, तो वेगळाच प्रकार. त्यासाठी नवा धागा काढा, मी येते तिकडे.