ब्यूटचे आयरिश खाणकामगार पणजोबा: आयर्लंडमधलं गाव कसं शोधायचं?

निळावंती:

नवऱ्याचे पणजोबा सलिव्हन. माँटानातल्या ब्यूटला तांब्याच्या खाणीत होते. लग्न तिथेच झालं, वारलेही तिथेच. सासऱ्यांना एवढंच ठाऊक की ते "कॉर्ककडचे". नवऱ्याला यात काडीचा रस नाही आणि मला मात्र या माणसाने झपाटलंय.

हाताशी अमेरिकन जनगणनेची दोन पानं आहेत. १९०० च्या पानावर जन्म मार्च १८६२, अमेरिकेत आले १८८१ साली, अविवाहित, बोर्डिंग हाऊसमध्ये राहतात. १९१० च्या पानावर बायको आहे, मुलं आहेत, पण वय ४५ आणि आगमन १८८३. दहा वर्षांत गृहस्थ सातच वर्षांनी वाढले! जन्मस्थान दोन्हीकडे नुसतं "आयर्लंड".

तर वय कुठलं धरू? १८८१ च्या सुमाराची आयर्लंडची जनगणना कुठे मिळेल? आणि कॉर्कच्या चर्चच्या नोंदींत याच नावाचे सलिव्हन ढिगाने निघताहेत, त्यातला आमचा कसा ओळखायचा?

कागदोपत्री:

१८८१ ची शोधू नका, ती उरलेलीच नाही. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेले. त्याआधीच्या, म्हणजे १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचं बहुतेक दप्तर जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये (तिथे सरकारी दप्तरखाना होता) जळालं. सलग वाचायला मिळणाऱ्या सगळ्यात जुन्या म्हणजे १९०१ आणि १९११ च्या. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. पणजोबा तेव्हा तिथे नसणार, पण मागे राहिलेलं घर सापडू शकतं.

दप्तरदार:

ताई, आधी आयर्लंडची खिडकी बंद करा. ब्यूटमधून बाहेर पडायची सगळ्यांना घाई असते, म्हणूनच सगळे कॉर्कच्या सलिव्हनांत बुडतात. मी निवृत्त माणूस, सुनेच्या माहेरचं हेच काम घेऊन बसलोय, तिचं माहेरही ब्यूटचंच. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वयाचं सोडून द्या. बोर्डिंग हाऊसमधल्या माणसाचं वय बहुधा मालकीणबाईंनी अंदाजाने सांगितलेलं असतं आणि १९१० ला दार बायकोने उघडलेलं असू शकतं. जनगणनेतल्या वयाला मी साक्षीदार मानत नाही, अफवा मानतो. १८५९ ते १८६६ एवढी मोकळीक ठेवा.

नागरिकत्वाच्या कागदांवर वेळ घालवू नका. सप्टेंबर १९०६ च्या आधीच्या कागदांत बहुतेक वेळा "आयर्लंड" याच्या पलीकडे काही नसतं. तुम्हाला हवंय ते पणजोबांच्या आईचं माहेरचं आडनाव. सिल्व्हर बो काउंटीची (ब्यूट तिच्यातच येतं) लग्नाची नोंद काढा, माँटानाच्या काउंटी नोंदींत वधूवरांच्या आईवडिलांची नावं सहसा असतात. मृत्यूचा दाखलाही बघा (राज्यभर नोंदणी १९०७ पासून), पण त्यातलं आजीचं नाव सांगणारा मुलगा किंवा जावई असतो आणि त्याने ती बाई जन्मात पाहिलेली नसते. लग्नाच्या वेळी मात्र माणूस स्वतः बोलतो. दोन्हींत फरक आला तर लग्नाचं धरा. चर्चची नोंदही मागवा. सेंट पॅट्रिक किंवा सेंट लॉरेन्स ओ'टूल, त्यांच्या वस्तीवर ठरेल. तिथले साक्षीदार पुष्कळदा गावचे किंवा नात्यातले असतात.

१९०० चं ते पान पुन्हा उघडा आणि तुमची ओळ सोडून बाकीच्या ओळी वाचा. त्याच घरात हॅरिंग्टन, शे, लिंच, आणखी सलिव्हन अशी गर्दी आहे का? असेल तर मी बेरा द्वीपकल्पावर पैज लावतो. कॉर्क काउंटीच्या पार पश्चिम टोकाला, अ‍ॅलिहीजला, १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या. १८८० च्या दशकात त्या बंद पडल्या आणि खाणकाम येणारी माणसं घरंच्या घरं ब्यूटला गेली. ब्यूटच्या अ‍ॅनाकोंडा या तांब्याच्या कंपनीचा मार्कस डेली स्वतः कॅव्हन काउंटीचा, त्यामुळे आयरिश माणसाला तिथे काम मिळायला अडचण नव्हती.

आता खरी मेख. बेराचा हा भाग काउंटी कॉर्कमध्ये आहे, पण चर्चच्या हिशेबात तो केरी धर्मप्रांतात मोडतो. कॉर्कचा धर्मप्रांत लावून शोधलंत तर हजार सलिव्हन मिळतील आणि तुमचा एकही नाही. आयरिश जिनिऑलॉजी या सरकारी साइटवर केरी धर्मप्रांताच्या कॅथलिक नोंदी फुकट शोधता येतात. मूळ पानांचे फोटो नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ पासून फुकट ठेवलेत, साधारण १८८० पर्यंतचे. अक्षर अगम्य असतं, भाषा पुष्कळदा लॅटिन. जेम्सचा जेकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस झालेला दिसला तर दचकू नका.

निळावंती:

दप्तरदार, तुमच्या तोंडात साखर पडो! त्या बोर्डिंग हाऊसमध्ये दोन हॅरिंग्टन आणि एक शे निघाले. लग्नाची नोंदही मिळाली, वराची आई मेरी हॅरिंग्टन.

पण केरीत शोधलं तर बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी समोर आल्या, दोन्ही अ‍ॅलिहीजच्याच. मार्च १८६१ आणि ऑक्टोबर १८६३. बाळाचं नाव तेच, बापाचं तेच, आई दोन्हीकडे मेरी हॅरिंग्टन. टाउनलँड (गावाहून लहान वस्ती) मात्र वेगळं, साक्षीदारही वेगळे. मार्च जुळतोय म्हणून पहिला घेऊ का?

सातासमुद्रापार:

एवढं खणत बसण्यापेक्षा नवऱ्याची डीएनए चाचणी करून टाका की. काही आठवड्यांत चुलत भावंडं समोर.

दप्तरदार:

मार्च जुळतो म्हणून लगेच घेऊ नका. ज्याने वय तीन वर्षांनी चुकवलं त्याचा महिना बरोबर असेलच असं नाही. दुसऱ्याला खोडता आलं तरच पहिला तुमचा.

खोडायचं असं. दोन्ही जोडप्यांची सगळी मुलं काढा. जानेवारी १८६४ पासून जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली. या दोघांना ती चुकली, पण त्यांच्या धाकट्या भावंडांना लागू आहे. त्या पानांचे फोटो आयरिश जिनिऑलॉजीच्याच साइटवर आहेत आणि त्यांत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं. एक बाप खाणीत आणि दुसरा शेतकरी निघाला तर पारडं झुकलंच. एखाद्या बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसेल, तेव्हा हसू नका. नोंदवायला उशीर झाला की दंड व्हायचा, म्हणून आईबाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. अशा वेळी चर्चची तारीख धरायची.

मग दोन्ही टाउनलँडची १९०१ ची घरं उघडा. त्या वयाचा, त्या नावाचा सलिव्हन बायकोमुलांसह तिथेच नांदताना दिसला तर तो ब्यूटला गेलाच नाही, त्याला काट मारा. १८६४ नंतरच्या मृत्यूंतही बघा, लहानपणीच गेलेलं बाळ असू शकतं. १९११ शी ताडताना वयं पुन्हा दगा देतील. १९०१ ला ५८ चा असलेला म्हातारा १९११ ला ७१ चा होतो, कारण १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती.

१९११ च्या फॉर्मवर विवाहित बाईला किती मुलं झाली आणि किती हयात हेही विचारलंय. मेरी हॅरिंग्टन तोवर हयात असेल आणि नवराही असेल, तर तुमची भावंडांची यादी पुरी झाली की नाही ते तिथेच कळेल.

ते साक्षीदारही वाचा. बाप्तिस्म्याला उभा राहिलेला हॅरिंग्टन आणि बोर्डिंग हाऊसमधला हॅरिंग्टन एकाच घरचे निघाले, तर मला आणखी पुरावा नको. मुलांच्या नावांचा आयरिश रिवाज, थोरला मुलगा आजोबांच्या नावाचा वगैरे, इथे कामाचा नाही. दोन्ही बापांचं नाव एकच आहे.

सातासमुद्रापार, डीएनएला माझी ना नाही. पण बेराच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं केलेली. तुमची काही आठवड्यांतली चुलत भावंडं सलिव्हन आणि हॅरिंग्टन अशी शेकड्यांनी येतील आणि दोन्ही जोडप्यांशी नातं दाखवतील. त्याआधी कागद उरकावा. आणि चाचणी करायचीच तर नवऱ्याची नको, सासऱ्यांची करा, ते एक पिढी जवळचे.