रेझ्युमे वर्डमध्ये टाइप करायचा की डेटा फाइलमधून तयार करायचा?

मुळामुठा

सातव्या सत्राचा निकाल लागला की इंजिनिअरिंगच्या मुलांची धावपळ सुरू होते, रेझ्युमेच्या प्रत्येक प्रतीत सीजीपीए बदलण्याची. इंटर्नशिपसाठी केलेली प्रत वेगळी, प्लेसमेंट सेलच्या ठरावीक नमुन्यातली वेगळी, नोकरीच्या साइटवर चढवलेली आणखी तिसरीच. एखादीत जुना आकडा राहतो आणि मुलाखतीत गुणपत्रिका समोर आली की त्याचं उत्तर मुलाला द्यावं लागतं. म्हणून माझं ठाम मत मांडतो: रेझ्युमे वर्डमध्ये लिहूच नये. माहिती एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवावी आणि पान प्रोग्रामकडून तयार करून घ्यावं.

साधनं तयार आहेत. 'जेसन रेझ्युमे' हा मुक्त-स्रोत नमुना २०१४ पासून आहे. जेसन म्हणजे कंस आणि अवतरणं वापरून टेक्स्ट फाइलमध्ये माहिती लिहायची पद्धत. ओळख, नोकरी, शिक्षण, प्रकल्प, कौशल्यं, प्रमाणपत्रं, भाषा असे त्याचे कप्पे ठरलेले आहेत. फाइल एकदा भरली की हवी ती थीम, म्हणजे पानाची तयार मांडणी, लावून एचटीएमएल किंवा पीडीएफ काढता येतं. ज्यांना जेसनचे कंस आणि अवतरणं नकोशी वाटतात त्यांच्यासाठी यॅमलवर, म्हणजे ओळी आत सरकवून माहिती लिहायच्या साध्या पद्धतीवर, चालणारं 'रेंडरसीव्ही' आहे. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि पीडीएफसाठी टाइप्स्ट ही पानजुळणीची प्रणाली वापरतं. स्वतःच्या हातानं करायचं तर पायथन, जिंजाचं टेम्प्लेट (माहिती भरायच्या जागा सोडलेला साचा) आणि लेटेक ही पानजुळणीची प्रणाली पुरतात.

खरा फायदा मात्र पुढे आहे. प्रत्येक कामाच्या ओळीला टॅग लावता येतो: बॅकएंड, डेटा, टेस्टिंग. अर्ज डेटाच्या जागेसाठी असेल तर प्रोग्राम त्याच ओळी उचलतो. फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवली की कोणाला कोणती प्रत गेली हे वर्षभरानंतरही काढून पाहता येतं.

भरतीचं टेबल

पूर्ण असहमत. हिंजवडीत भरतीचं काम करते, रोज रेझ्युमे वाचते, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, कंपन्यांसाठी उमेदवार शोधणारी कन्सल्टन्सी वर्ड फाइल मागते त्याला कारण असतं. उमेदवाराचा फोन आणि ईमेल काढून, आपलं लेटरहेड लावून ती फाइल क्लायंटकडे जाते. पीडीएफ आलं की आमच्याकडचं कोणीतरी ते परत टाइप करतं, आणि तुम्ही जपलेला अचूकपणा तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट थीमची. देखण्या थीम बहुतेक दोन कॉलमच्या असतात. एटीएस, म्हणजे अर्ज वाचून माहिती वेगळी करणारी प्रणाली, कधीकधी दोन्ही कॉलमच्या ओळी आडव्या जोडून वाचते. मग कौशल्यांच्या यादीत मधूनच कंपनीचं नाव येतं आणि तारखा भलत्याच नोकरीला चिकटतात. कौशल्यांपुढच्या त्या भरलेल्या पट्ट्यांचा तर कोणालाच उपयोग नसतो. पायथन ऐंशी टक्के येतं म्हणजे नक्की काय येतं?

आणि सर्वांत महत्त्वाचं, रेझ्युमे हा अर्ज आहे. अर्ज समोरच्या माणसाला उद्देशून लिहायचा असतो. टॅगवरून उचललेल्या ओळी वाचताना लगेच कळतं की हे कोणी लिहिलेलं नाही, नुसतं गोळा केलेलं आहे. पहिली ओळ दुसरीकडे नेत नाही. मुलांनी तो वेळ जाहिरात नीट वाचण्यात घालवावा.

मुळामुठा

वर्ड फाइल हवी असेल तर त्याच माहितीतून पॅनडॉक हा फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्राम ती काढून देतो. तुमच्या पसंतीच्या स्टाइलची नमुना फाइल सोबत दिली की फाँट, मथळे सगळं तसंच येतं. दोन कॉलमचा दोष थीमचा आहे, एका कॉलमची निवडावी. उलट माझ्या पद्धतीत तपासणीही आपोआप होते. पीडीएफ तयार झालं की त्यातला मजकूर बाहेर काढणारं 'पीडीएफटूटेक्स्ट' चालवायचं आणि नाव, फोन, प्रत्येक कंपनी, प्रत्येक तारीख त्या मजकुरात योग्य क्रमानं सापडते का ते बघायचं. वर्डमधून 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' करणारे किती जण हे तपासतात?

खडू-फळा

मी सांगलीकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आहे. मुळामुठा, तुमच्या डोळ्यांसमोर फक्त कॉम्प्युटर ब्रँचची मुलं दिसतात. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांचं काय? अनेकांकडे लॅपटॉप नाही, रेझ्युमे मोबाइलवरच भरतात. जेसनमध्ये एक स्वल्पविराम राहिला की सगळी फाइल अडते. यॅमलमध्ये ओळ सरकवायला टॅब वापरला की चूक, आणि ८.९० हा आकडा अवतरणात ठेवला नाही तर पानावर ८.९ छापून येऊ शकतो. हे त्या मुलाला कोण समजावणार?

तरी मूळ कल्पना मला पटते, फक्त ओझं मुलांवर नको. प्लेसमेंट सेलकडे दहावी-बारावीचे टक्के, डिप्लोमाचे गुण, प्रकल्पाचं नाव, प्रशिक्षण हे सगळं एक्सेलमध्ये आधीच असतं. नंतर त्याच मुलांना आम्ही तीच माहिती परत वर्डमध्ये भरायला लावतो! वर्डच्या मेल मर्जनं एक्सेलच्या प्रत्येक ओळीचा रेझ्युमे निघतो. निकाल लागला की गुणांचा एक रकाना बदलायचा आणि सगळ्या वर्गाच्या प्रती नव्यानं काढायच्या. प्रोग्रामिंग यायची गरज नाही.

उंबरठा

वर सगळे सरळ रेषेत चाललेल्या करिअरबद्दल बोलत आहेत. मी मुलांसाठी नोकरी सोडली होती, आता परत अर्ज करते आहे. त्या काळात घरच्या व्यवसायाचे हिशेब सांभाळले, सोसायटीचं ऑडिट करून घेतलं. 'जेसन रेझ्युमे'त नोकरीच्या कप्प्यात काय आहे? संस्था, पद, सुरुवात, शेवट, ठळक कामं. एकाच कंपनीत बढती मिळाली तरी कंपनी दोनदा लिहावी लागते आणि वाचणाऱ्याला वाटतं की नोकरी बदलली. मधल्या वर्षांना तर कप्पाच नाही. तारखांच्या क्रमानं पान लावलं की सगळ्यात आधी ती रिकामी जागाच नजरेत भरते.

वर्डमध्ये मी मांडणीच बदलली. आधी 'हिशेब आणि कर', मग 'माणसांचं व्यवस्थापन', आणि वर्षं शेवटी एका ओळीत. हे मला कोणत्या थीमनं सुचवलं असतं? साचा ठरवणाऱ्यानं एक विशिष्ट आयुष्य गृहीत धरलेलं असतं. ते ज्यांचं नाही त्यांनी आपलं काम कापून त्या कप्प्यांत का बसवायचं?

मुळामुठा

त्या नमुन्यात एकही कप्पा सक्तीचा नाही, आणि स्वतःचे नवे कप्पे जोडायलाही तो अडवत नाही. तुमचे 'हिशेब आणि कर' हे गट डेटात ठेवता येतात. तयार थीम ते दाखवणार नाही हे खरं. त्यासाठी टेम्प्लेट आपलं हवं, एवढं मान्य करतो.

भरतीचं टेबल

म्हणजे पुन्हा प्रोग्रामर हवा! आणि तयार थीमचं म्हणाल तर, नमुन्याच्या १.० आवृत्तीत नोकरीतल्या 'कंपनी' या कप्प्याचं नाव बदलून 'नेम' झालं. त्यामुळे जुना कप्पा शोधणाऱ्या थीममध्ये नव्या फाइलमधलं कंपनीचं नावच दिसत नाही. चूक दाखवणारा कुठलाही संदेश नाही, पानावर नुसती मोकळी जागा. असा अर्ज माझ्याकडे आला तर मी उमेदवारालाच निष्काळजी समजेन. तो बिचारा मात्र सगळं नियमानं भरून मोकळा झालेला असतो.

वेलांटी

मराठी रेझ्युमेबद्दल कोणीच बोललं नाही. शाळा, प्रकाशन संस्था, वृत्तपत्रं इथे मराठीत अर्ज करणारे खूप आहेत. त्यांच्यासाठी डेटा फाइल खरोखर सोयीची आहे. नाव, पद, कामाची ओळ मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शेजारी-शेजारी ठेवली की एकात केलेला बदल दुसऱ्यात राहून जात नाही. 'जेसन रेझ्युमे'त नावाला एकच कप्पा आहे, त्यामुळे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव हवं तसं लिहिता येतं.

अडचण पीडीएफची आहे. लेटेकमधून पीडीएफ काढणाऱ्या नेहमीच्या पीडीएफलेटेकवर देवनागरी चालवत बसू नका, झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्या, तरच जोडाक्षरं नीट येतात. तरीही पीडीएफमधून मजकूर उचलताना घोळ होऊ शकतो. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ती अक्षरानंतर साठवलेली असते. काही पीडीएफमधून 'शिक्षक' कॉपी केलं की वेलांटी भलतीकडे जाते, आणि मग शोध घेणाऱ्याला तो शब्द सापडत नाही. म्हणून मराठी अर्जासोबत वर्ड फाइलही जोडावी असं माझं मत आहे. भरतीचं टेबल यांच्याशी एवढ्यापुरती सहमत.

खडू-फळा

उंबरठाताई, तुमचा मुद्दा आमच्या मुलांनाही लागू आहे. कोणी एक वर्ष शेतीत घालवलेलं असतं, कोणी वर्कशॉपमध्ये. आमच्या एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता, तो या सत्रापासून ठेवतो: 'शिक्षणाव्यतिरिक्त केलेलं काम', कितीही ओळींचं. पहिली दोन वाक्यं प्रत्येकानं स्वतः लिहायची, ती मेल मर्ज तशीच उचलेल.

उंबरठा

सर, तो रकाना मुलाखतीच्या तोंडावर नका भरून घेऊ, पहिल्या वर्षापासून भरू द्या. मुळामुठा, तुम्ही आपलं टेम्प्लेट बनवलंत तर मी माझी माहिती त्यात घालून बघायला तयार आहे. त्यात तारखा छापायच्या की नाही हे मात्र अर्जदाराला ठरवू द्या.

भरतीचं टेबल

तारखा काढू नका हो, आम्ही त्या फोनवर विचारतोच. शेवटी ठेवा, पण ठेवा.