पदवीच्या पहिल्या वर्षाचं बीजगणित कसं तपासावं?

नवी_बाई: नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते, वर्गात ८० मुलं. विभागात पूर्वीपासून ४० प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी आहे, गुण लगेच मिळतात. पण २४ गुण मिळालेल्या दोघांना मी फळ्यापाशी बोलावलं, तर एकाला अपूर्णांकच येत नव्हते. दुसरा अपूर्णांक भराभर सोडवत होता, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पेन खाली ठेवत होता. गुण तेवढेच, पण शिकवायचं मात्र दोघांना वेगवेगळं. मग या चाचणीतून मला नेमकं काय कळतं? कुणी पर्याय सुचवाल का? आणि कॅल्क्युलेटर द्यावा की नाही?

पायरी_दाखवा: मॅडम, चाळीस कशाला, बारा प्रश्न पुरे. पण प्रश्न असा हवा की चुकलेलं उत्तर पाहूनच चूक कुठली ते कळावं.

मी नेहमी देतो तो प्रश्न: (क्ष + ६) ÷ क्ष याला आणखी सोपं रूप देता येईल का? काही जण ६ लिहितात, काही ७. दोन्ही चूक, पण चुका एक नाहीत. ६ लिहिणाऱ्याला वाटतं की वरचा क्ष आणि खालचा क्ष खोडला की तिथे काहीच उरत नाही. ७ लिहिणाऱ्याला क्ष भागिले क्ष म्हणजे १ हे माहीत आहे, फक्त अंशातल्या बेरजेतलं एकच पद काटता येत नाही हे कळलेलं नाही. दुसऱ्याशी पाच मिनिटं बोललं तरी भागतं. पहिल्याला भागाकारापासून सुरुवात करावी लागते. दोघांनाही मी क्षच्या जागी २ घालायला सांगतो. ८ भागिले २ म्हणजे ४, हे कागदावर आलं की मूल स्वतःच मागची ओळ तपासायला लागतं. मला विचाराल तर किंमत घालून पडताळून पाहायची सवय आहे की नाही, हेच बीजगणिताचं सर्वांत खरं मोजमाप. उत्तर बरोबर आलं तरी मी ते पाहतो.

क्ष² = ५क्ष हेही घ्या. फक्त ५ लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंना क्षने भागलेलं असतं आणि शून्य हे उत्तर हातचं गेलेलं असतं.

शाब्दिक उदाहरणांचं म्हणाल, तर जॉन क्लेमेंट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेला प्रश्न आजही कामाला येतो. प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, याचं समीकरण लिहा. अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांपैकी ३७ टक्के चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी समीकरण उलटं मांडलं, म्हणजे ६व = प (व विद्यार्थ्यांची संख्या, प प्राध्यापकांची; बरोबर उत्तर व = ६प). त्यांच्या लेखी ‘व’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नव्हे, विद्यार्थीच! आकडेमोड उत्तम येणाऱ्यांचीही इथे गाडी अडते. तुमचा दुसरा विद्यार्थी कदाचित यातलाच असेल.

अंदाज_आधी: बीजगणिताबरोबर साधं गणितही पाहा, आणि तेवढ्या भागापुरता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. १२/१३ + ७/८ चं उत्तर साधारण किती? पर्याय १, २, १९, २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ १, म्हणजे २. १९७८ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम २४ टक्क्यांनी २ निवडलं. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांनी अंशांची नाहीतर छेदांची बेरीज केली. मी हाच प्रश्न कॉलेजच्या मुलांनाही देते. शेकडेवारीचा एक घ्याच: किंमत २० टक्के वाढली, मग २० टक्के उतरली, तर मूळच्या किती टक्के उरली? १०० म्हणणारे थोडेथोडके नसतात. उत्तर ९६.

पेपर_तपासनीस: सर, सगळं पटतं, पण ८० मुलं गुणिले १२ प्रश्न म्हणजे ९६० उत्तरं, तीही पायऱ्यांसकट. तपासणार कोण? बाई एकट्या आहेत.

पायरी_दाखवा: रास्त आहे. पहिल्या वर्षी पायऱ्यांचा पेपर घ्याच, त्यातली चुकीची उत्तरं उतरवून ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच पर्याय म्हणून द्या. आपण मनाने रचलेले चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांशी फार क्वचित जुळतात. ‘माहीत नाही’ हा पर्यायही ठेवा. चार पर्यायांच्या ४० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने टिक करणाऱ्यालाही सरासरी १० गुण मिळतात, आणि मग त्या १० गुणांवर आपण वर्षाचं नियोजन करत बसतो.

नवी_बाई: आभार. पण हे गुण अंतिम निकालात धरावेत का? धरले नाहीत तर मुलं मनावर घेणार नाहीत अशी भीती वाटते.

अंदाज_आधी: धरू नका हो. गुण धरले की मुलं शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात आणि तुमच्या हाती शेजाऱ्याचं गणित येतं. पहिल्याच तासाला सांगा की मी काय शिकवायचं ते यावरून ठरणार आहे. आणि पेपर आठवड्याच्या आत परत द्या, वर गुण न लिहिता, जिथे गाडी घसरली त्या ओळीखाली रेघ मारून.