क्लोजरमुळे मेमरी गळते, हा आरोप कितपत खरा?

अर्धविराम: जावास्क्रिप्टचं पान मेमरी खात फुगत गेलं की आधी क्लोजरवर, म्हणजे बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या आतल्या फंक्शनवर, संशय. इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या ब्राउझरमध्ये तो रास्त होता. तिथे डॉमचे, म्हणजे पानातल्या एलिमेंटचे, ऑब्जेक्ट संदर्भ मोजून सोडले जात, स्क्रिप्टचं इंजिन मात्र वेगळ्या रीतीने कचरा (नको असलेली मेमरी) गोळा करी. एलिमेंटवर हँडलर (क्लिकसारख्या घटनेवर चालणारं फंक्शन), हँडलरच्या क्लोजरमध्ये तोच एलिमेंट, असं चक्र झालं की ते तोडणं दोघांनाही जमत नसे. आजची इंजिनं मुळापासून (ग्लोबल ऑब्जेक्ट, चालू फंक्शन यांच्यापासून) पोचता येईल तेवढंच ठेवतात. दोष असतो क्लोजर धरून ठेवणाऱ्याचा: न थांबवलेला सेटइंटरव्हल (ठराविक वेळाने चालणारा टायमर), विंडोवर लावून विसरलेला लिसनर (घटनेची वाट बघणारं फंक्शन), कधीच रिकामा न होणारा मॅप.

कंसातला: क्लोजरला इतकं निर्दोष ठरवू नका. क्रोमच्या व्ही८ इंजिनमध्ये एकाच स्कोपमधल्या (व्हेरिएबल दिसण्याच्या हद्दीतल्या) सगळ्या आतल्या फंक्शनना एकच कॉन्टेक्स्ट, म्हणजे धरलेल्या व्हेरिएबलांचा सामायिक साठा, मिळतो. समजा बाहेरच्या फंक्शनमध्ये ५० एमबीचा बफर आहे. आतलं एक फंक्शन तो वाचतं आणि एकदाच चालतं. दुसरं बफरचं नावही घेत नाही, पण ते क्लिकवर लावलेलं आहे. ते दुसरं जिवंत असेपर्यंत ५० एमबी अडकून! कोड वाचून हे कुणाच्या लक्षात येणार? आत थेट इव्हॅल (मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन) असेल तर स्कोपमधलं प्रत्येक व्हेरिएबल अडकतं.

अर्धविराम: मान्य. पण म्हणून क्लोजर टाळायचे का? बफरवरचं काम मॉड्यूलच्या पातळीवरच्या स्वतंत्र फंक्शनात न्या आणि बफर आर्ग्युमेंट म्हणून द्या, म्हणजे तो कॉन्टेक्स्टमध्ये जातच नाही. नाहीतर काम झाल्यावर त्यात नल भरा. लिसनरना अ‍ॅबॉर्टकंट्रोलर या रद्द करायच्या ऑब्जेक्टचा एकच सिग्नल द्या, एका अ‍ॅबॉर्टमध्ये सगळे सुटतात. लिसनर काढणाऱ्या रिमूव्हइव्हेंटलिसनरला तिथल्या तिथे नवं अ‍ॅरो फंक्शन लिहून दिलं तर काहीच निघत नाही. मजकूर तोच असला तरी ते फंक्शन वेगळं.

तिसरा स्नॅपशॉट: वाद मोजून मिटवा. क्रोमच्या मेमरी पॅनलमध्ये हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याची नोंद) घ्या, संशयित कृती १० वेळा करा, पुन्हा घ्या आणि तुलना बघा. बरोबर १० ने वाढलेली वस्तू निवडून रिटेनर्सची (तिला धरून ठेवणाऱ्यांची) साखळी वर चढत जा. त्याआधी कन्सोल साफ करा, तिथे छापलेले ऑब्जेक्टही धरून ठेवले जातात. साखळीच्या टोकाला बहुतेकदा टायमर किंवा लिसनरच भेटतो.

कंसातला: भेटतो, पण तो लिसनर पान बंद होईपर्यंत हवाच असेल तर? तेव्हा टोक सोडवता येत नाही. मधला कॉन्टेक्स्टच हलका करावा लागतो.