एआयएसचा गजर किती अंतरावर लावावा?

प्रश्न: शिडाच्या बोटीवर एआयएसचा (जहाजांची स्थानं रेडिओवरून एकमेकांना कळवणारी यंत्रणा) क्लास बी ट्रान्सपाँडर, म्हणजे छोट्या बोटींसाठीचं यंत्र, आहे. बंदराजवळ टक्करीचा इशारा देणारा गजर सारखा वाजतो, म्हणून बंद करावा लागतो. सीपीए (दोन बोटी सर्वात जवळ येतील तेव्हाचं अंतर) आणि टीसीपीए (तोवर उरलेला वेळ) किती ठेवावेत?

उत्तर १: बंद नका करू, मर्यादा बदला. खुल्या समुद्रात १ सागरी मैल आणि ३० मिनिटं, बंदराजवळ ०.२ मैल आणि १० मिनिटं. समोरून १८ नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जहाज, तुम्ही ६ नॉटवर, तर १० मिनिटांत ४ मैल संपतात.

उत्तर २: ०.१ मैल सीपीए म्हणजे १८५ मीटर मोकळं पाणी, असं समजू नका. बहुतेक प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर) हे अंतर दोन जीपीएस अँटेनांमधलं असतं. ३०० मीटरच्या जहाजाचा अँटेना मागच्या टोकाला असेल, तर नाळ (जहाजाचं पुढचं टोक) त्याच्या कितीतरी पुढे असते!

उत्तर ३: साधा क्लास बी २ वॅटवर, २ नॉटच्या वर दर ३० सेकंदांनी स्थान पाठवतो. ६ नॉटवर तेवढ्यात तुम्ही ९३ मीटर सरकता, म्हणून वळलात तरी समोरच्याला जुनीच दिशा दिसते. वळायचं ते लवकर आणि ठळकपणे. एआयएसचा रेडिओ अँटेना डोलकाठीच्या टोकावर घ्या. तो बोलायच्या व्हीएचएफ रेडिओसोबत वाटून घेणार असाल तर स्प्लिटर (एक अँटेना दोन यंत्रांना जोडणारा) एआयएससाठीच बनवलेला हवा, साध्या टी-जोडाने रिसीव्हर जळू शकतो.

मोबाईल अ‍ॅपवरची माहिती इंटरनेटवरून उशिरा येते, टक्कर टाळायला ती चालत नाही. आणि मासेमारीच्या कित्येक होड्यांवर एआयएस नसतोच. हाती होकायंत्र धरून समोरच्या जहाजाचं बेअरिंग (ते कोणत्या दिशेला दिसतं ते) घ्या. ते बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर टक्कर ठरलेली.