प्रतिसाद: केट शेपर्ड फक्त दारूबंदीवालीच होती का?
वर कोणीतरी लिहिलंय की न्यूझीलंडमध्ये बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या केट शेपर्डला मताधिकार हवा होता तो फक्त दारूबंदीसाठी. सुरुवात तिथूनच झाली हे मान्य, पण मतच नसलेल्या बायकांचे अर्ज न्यूझीलंडची संसद सरळ बाजूला टाकते हे दिसल्यावर तिचा मुद्दा बदलत गेला, सायकल चालवा, कॉर्सेट फेकून द्या असलंही ती सांगायची.

आणि बायकांना मत द्या म्हणणाऱ्या १८९३ च्या अर्जाची गंमत कोणीच लिहिली नाही, सह्यांचे कागद तिने घरी बसून एकाला एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याला गुंडाळले (झाडूच का, ते विचारू नका!), मग त्यांच्या बाजूच्या जॉन हॉल या खासदाराने ती गुंडाळी सभागृहात जमिनीवर सोडून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात बायकांना मत मिळालं, निवडणूक लढवायचा हक्क मात्र थेट १९१९ मध्ये. पहिली बाई संसदेत निवडून आली १९३३ ला, तेव्हा केट हयात होती.